दाराची कुरकुर

आमच्या बालवाडीच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत रंगवलंय : ‘मूल पुढे, आम्ही मागे.’ खाली एक मूल आणि त्याच्या मागे एक बाई आहे. रंगाऱ्याला माणसं फारशी जमत नसल्यामुळे ती बाई मुलाचा पाठलाग करतेय असं वाटतं. पण तत्त्व चांगलं आहे. इथे काय शिकायचं ते मुलं ठरवतात. मी, म्हणजे त्यांचा दादा, फक्त मागे राहायचं, पडेल त्याला उचलायचं आणि ज्याला शू लागली असेल त्याला घेऊन जायचं. त्यासाठी मी पदवी घेतलेली आहे.

तर मुलांनी ठरवलं, दार शिकायचं.

त्याला कारण मोठ्या बाई. या आमच्या प्रमुख. त्या आधी आत येतात आणि दार मागाहून उघडतात, असं निदान दाराला तरी वाटत असावं. एका सकाळी त्या अशाच शिरल्या, दार कुर्रर्र करून ओरडलं आणि बाई समोरच्या रडव्या पोराला म्हणाल्या, “कुरकुर करू नकोस.”

“मी नाही, दार करतंय,” पोरगं म्हणालं.

“मग दाराची काहीतरी तक्रार असणार,” मुकादम म्हणाली. मुकादम ही पाच वर्षांची मुलगी आहे. हात मागे बांधून वर्गात फेऱ्या मारते आणि कामाला लावल्याशिवाय कुणाला सोडत नाही. “दादा, बाजूला हो. आम्हाला दार बघायचंय.”

मी तत्त्वाप्रमाणे मागे झालो.

अंदाज बरेच निघाले. दाराला भूक लागली असेल. दारात उंदीर राहत असेल. दाराला मोठ्या बाई आवडत नसतील. हा शेवटचा अंदाज मी उचलून धरला नाही, कारण मला नोकरी हवी आहे. पण मुलं काटेकोर. त्यांनी येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला दारातून ये-जा करायला लावली. झाडणाऱ्या मावशी आल्या, बारीक कुरकुर. मी आलो, मध्यम. मोठ्या बाई आल्या आणि दाराने असा गळा काढला, की मुलांनी एकमेकांकडे नुसतं पाहिलं.

मग गोगलगाय उठला. हे नाव मी ठेवलेलं नाही, त्याच्या आईने ठेवलंय. त्याचं दप्तर पाठीवरून उतरेपर्यंत डबा खायची वेळ होते. जन्मल्यापासून त्याने सगळ्यात जास्त ऐकलेला शब्द ‘आटप’. मला वाटतं, त्याला ते आपलं आडनावच वाटत असावं. त्याने दार त्याच्या पद्धतीने उघडलं. दार उघडलं, पूर्ण उघडलं, आणि एक शब्द बोललं नाही.

“परत कर,” मुकादम म्हणाली.

परत तेच.

“घाई... केली... की... कुरकुरतं,” गोगलगाय म्हणाला. वाक्य संपायला वेळ लागला, पण पहिल्यांदाच कुणी मध्ये तोंड घातलं नाही. त्या दिवशी तो ताठ बसला होता.

आता त्याला पुढचा प्रश्न पडला. आवाज वरच्या बिजागरीतून येतो की खालच्या? मुकादम दार हलवायला लागली आणि त्याने खालच्या बिजागरीवर तळवा ठेवला. “थोड्या गुदगुल्या होतात,” तो म्हणाला. वरच्या बिजागरीला हात पुरेना. “ती उद्या.” घरी जाताना त्याने दाराला पुन्हा एकदा सांगितलं, “उद्या हं.”

दुसऱ्या दिवशी मोठ्या बाई आल्या. मागे तेलाची बुधली घेतलेला सुतार.

“उद्या पाहुणे येणारेत,” बाई म्हणाल्या. “दहा वाजता मुलं उत्स्फूर्तपणे फुलपाखरांचा अभ्यास करताना दिसली पाहिजेत. आज तालीम घ्या.”

“उत्स्फूर्तपणाची?”

“मग काय, ऐन वेळी करणार? आणि या दाराचं तोंड आधी बंद करा.”

“बाई, मुलांचा त्याच्यावरच अभ्यास चाललाय.”

“दारावर? पोरांना काय दरवान करायचंय?”

“भिंतीवर लिहिलंय ना आपण...”

“ते पाहुण्यांनी वाचायला लिहिलंय. घाला हो तेल.”

मुकादम हात पसरून दारात आडवी उभी राहिली. गोगलगाय कोपऱ्यातलं स्टूल ओढत निघाला. वरची बिजागरी तेवढी बघायची राहिली होती. “थांबा,” तो म्हणाला. स्टूल इंचाइंचाने येत होतं.

“बाळा, मला पुढे खिडक्या बघायच्यात,” सुतार म्हणाला. “आटप.”

बाईंनी मुकादमला काखेत हात घालून उचललं आणि बाजूला ठेवलं. वर तेल, खाली तेल. स्टूल पोचलं तेव्हा सुतार बुधलीचं बूच लावत होता. तरी गोगलगाय वर चढला, बिजागरीवर तळवा ठेवला. मुकादमने दार हलवलं. काही नाही. त्याने तेलकट हाताकडे पाहिलं.

“गेलं,” तो म्हणाला.

अभ्यास तेल लावत गेला, असं आपण म्हणतो. मी तो जाताना पाहिला. पोराने आयुष्यात पहिल्यांदा एक प्रश्न स्वतः काढला, उत्तर एका स्टुलावर येऊन ठेपलं होतं, आणि आम्ही त्यात तेल ओतलं. आगीत ओतलं असतं तर निदान म्हणीत तरी बसलं असतं!

“बाई, हे बरोबर नाही झालं,” मी म्हणालो.

“कुरकुर बंद,” बाई म्हणाल्या.

“कुणाची? दाराची का आमची?” मुकादमने विचारलं.

“सगळ्यांची!”

मुलांची म्हणून लावायची फुलपाखरं मी रात्री घरी बसून कापली. ‘मुलांनी कापल्यासारखी वेडीवाकडी हवीत,’ असा हुकूम होता. मी संतापात असल्यामुळे ती खरोखरच वाकडी झाली. सकाळी बाई म्हणाल्या, “इतकी नको होती. जरा नीट वेडीवाकडी हवीत.”

दहाला पाहुणे आले. दाराने हूं की चूं केलं नाही. एक चष्म्यातल्या पाहुण्या बाई वाकून म्हणाल्या, “काय शिकताय रे बाळांनो?”

“काही नाही,” मुकादम म्हणाली. “आम्ही दार शिकत होतो. यांनी बंद पाडलं.”

“किती कल्पक आहे ना!” मोठ्या बाई हसल्या आणि पाहुण्यांना घाईघाईने चहाला आपल्या केबिनमध्ये घेऊन गेल्या.

केबिनचं दार म्हणालं, कुर्रर्र.

त्याच लाकडाचं, तसल्याच बिजागऱ्यांचं दार. सुताराला फक्त वर्गाचं सांगितलं होतं. अख्ख्या वर्गाने माना वळवल्या. आणि गोगलगाय पळाला. मी पुन्हा सांगतो, पळाला. त्याच्या मागे मुकादम, तिच्या मागे सगळा वर्ग आणि सगळ्यात शेवटी मी, अगदी भिंतीवर लिहिल्याबरहुकूम.

स्टूल वर्गातच राहिलं होतं. “दादा, वाक,” गोगलगाय म्हणाला आणि माझ्या खांद्यांवर चढला. मूल वर, आम्ही खाली, हे भिंतीवर लिहायचं राहून गेलंय.

मुकादम दार हलवायला लागली. उघडलं, की आत हातात कप घेऊन बसलेल्या पाहुण्यांना मी दिसायचो आणि माझ्या गळ्याशी दोन बूट. मिटलं, की नाही. उघडलं, की पुन्हा मी.

“काय चाललंय हे?” मोठ्या बाई ओरडल्या.

“उत्स्फूर्त आहे,” मी म्हणालो.

“आटपा! आधी आटपा ते!”

“थांबा,” वरून आवाज आला.

आणि सगळे थांबले. चष्म्यातल्या बाईंनी कप खाली ठेवून कान दिला. सुतारही तिथेच होता, बाकीचे पैसे घ्यायला आलेला. तोही थांबला. दार पाच-सहा वेळा गळा काढून ओरडलं.

“वरची,” गोगलगाय म्हणाला. “खूप... गुदगुल्या.”

“झालं ना? आता वर्गात जा,” मोठ्या बाई दात ओठ खात म्हणाल्या. “आणि दादा, संध्याकाळी तुम्ही मला भेटा.”

“नाही झालं,” गोगलगाय म्हणाला. “याची खालची राहिली.”

मी गुडघ्यांवर बसायला लागलो. सावकाश.