हिरवं बटण

फोन वाजत होता आणि कस्तुरी त्यावरचं हिरवं बटण नुसतं दाबत होती. पडद्यावर जर्मनीतल्या लेकीचा, प्रियदर्शनीचा फोटो. खाली फरशीवर नवरा कल्लाप्पा आडवे पडलेले, तोंड एका बाजूला वाकडं झालेलं. फोन थांबला. पुन्हा वाजला. ती दाबतच राहिली.

आष्ट्याबाहेर मळ्यात त्यांचं घर. शेजारपाजारची सगळी सांगलीच्या विश्रामबागला लग्नाला गेलेली. कस्तुरी सातवी शिकलेली, रोज पेपर वाचणारी. पण घरातला एकुलता एक फोन कायम कल्लाप्पांच्या खिशात. रविवारी लेकीचा व्हिडिओ कॉल आला की ते बोलायचे, ही मागं उभी राहून मान डोलवायची. इकडं जर्मनीत म्हाताऱ्या बायकासुद्धा फोनवरनं डॉक्टरची वेळ घेतात, आईला शिकवा, असं प्रियदर्शनीनं कितीदा तरी सांगितलं. एकदा कस्तुरीनं हात पुढं केला, तर कल्लाप्पा म्हणाले, "तुला काय कळतंय त्यातलं? बिघडवून ठेवशील." माणूस वाईट नव्हता. त्यांना तसंच वाटायचं, आणि हळूहळू तिलाही वाटायला लागलं होतं.

फोन गप्प झाला. तिनं उघडून बघितला, तर पडद्यावर लॉकचे नुसते नऊ ठिपके आले. ती अनवाणीच रस्त्याकडं धावली. बऱ्याच वेळानं एक मोटारसायकलवाला थांबला, त्यानं गाडी बोलावली. सांगलीला पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. थोडं आधी आणायला हवं होतं, असं डॉक्टर म्हणाले.

सुतक फिटल्यावर धाकटी जाऊ रूपाली तिच्याजवळ येऊन बसली. आपल्या फोनवरनं तिला रिंग दिली.

"दाबायचं न्हाई, अक्का. बोट ठेवायचं अन् वर सारायचं."

कस्तुरीनं बोट ठेवलं, वर सारलं. रूपालीचा आवाज फोनमधनं आला.

"एवढंच व्हय गं?"

रूपालीनं पुन्हा रिंग दिली. कस्तुरीनं पुन्हा तसंच केलं.

संध्याकाळी प्रियदर्शनीचा व्हिडिओ कॉल आला. कस्तुरीनं उचलला. तिला एकटीला समोर बघून लेकीचे डोळे भरले.

"आई, आधीच का नाही शिकलीस गं?"

कस्तुरीनं पदर सारखा केला.

"ऱ्हाऊनच गेलं बग," ती म्हणाली, आणि जेवलीस का म्हणून विचारलं.