छातीतला गुळगुळीत खडा

खडेबाबाच्या दारात पाय ठेवायला जागा नव्हती. दगडखाणीत राबणारी निम्मी वस्ती धापा टाकत बसली होती. बाबाने आईच्या छातीवर फडकं टाकलं, त्याला तोंड लावून भसाभसा हवा ओढली, डोळे फिरवले आणि तळहातावर खडा थुंकला. सगळ्यांचे हात जोडले गेले.

"माउली, जन्माचं ओझं काढलं. आता गोळ्याबिळ्या बंद," बाबा म्हणाला.

तिच्या लेकीने खडा उचलून पाहिला. वस्ती तिला चिडवून शंकासूर म्हणायची, ते उगाच नाही. खडा सुपारीसारखा गुळगुळीत होता आणि खाणीतल्या दगडाच्या धारदार कपच्या तर ती रोज आईच्या बोटांतून काढायची.

"बाबा, हा नदीतला आहे. पुढचा काढायच्या आधी जरा तोंड उघडून दाखवा."

बाबाला एकाएकी मौनव्रत आठवलं. गाल मात्र फुगलेलाच. मागे बसलेल्या एका मावशीने पाठीत एक सणसणीत धपाटा घातला, तसे दोन खडे टपाटप मांडीवर पडले. आधीच गालात दडवलेले! वस्ती पोट धरून हसली. आई हसली नाही. मागच्या खेपांनाही बाबा हेच म्हणाला होता, आणि त्याच्या शब्दावर तिने औषधं कधीच सोडली होती.

दुसऱ्या दिवशी खाडा करून लेक तिला सरकारी दवाखान्यात घेऊन गेली. दगडाची धूळ फुप्फुसात घट्ट बसली होती; ती आता निघणार नव्हती. लवकर आला असतात तर पुढचं टाळता आलं असतं, असं म्हणत डॉक्टरबाई चिडल्या. दवाखाना कसा चालवावा हे विचारायला त्यांनी रुग्णांची सभा बोलावली होती, पण एकही माणूस फिरकला नाही, हेही त्यांनी ऐकवलं.

"कधी होती सभा, बाई?" आईने विचारलं.

"सकाळी अकराला."

"तेव्हा आम्ही खाणीत. तो खडेबाबा लबाड होता, पण संध्याकाळी भेटायचा."

डॉक्टरबाईंनी अकराची वेळ खोडली. पुढची सभा काम सुटल्यावर खाणीच्या तोंडाशीच भरली. आईने थांबत थांबत, श्वास गोळा करत मागितलं: संध्याकाळचा दवाखाना, आणि धूळ उडू नये म्हणून फोडण्याआधी दगडावर पाणी.

दवाखाना संध्याकाळी उघडू लागला, तेव्हा आई उरली नव्हती.

त्यानंतरच्या सभेत लेक उभी राहिली. "छातीतून खडा कोणालाच ओढता येत नाही. धाप लागली तर तपासून घ्या," तिने वस्तीला सांगितलं. मग ती डॉक्टरबाईंकडे वळली. "आणि तुम्ही, बाई, ठरवायच्या आधी विचारत जा. माझ्या आईला फार उशिरा विचारलंत."