कडी तुटली त्या रविवारी

मी बिडाचा ओव्हन बोलतोय. आवाज माझा जड आहे, जरा सावकाश ऐका.

यॉर्कशरच्या डोंगरउतारावर ‘काळा मेंढा’ नावाचा पब आहे, त्याच्या स्वयंपाकघरात मी उभा असतो. ओतशाळेत मला साच्यात ओतलं, घोडागाडीतून इथं आणलं आणि भिंतीत बसवलं. तेव्हापासून पोटात लाकडं घेऊन तापणं एवढंच मला येतं.

माझ्यावर सगळ्यांत जास्त माया केली ती इथं रांधणाऱ्या थिर्झाने. तिच्या हातचं जेवायला माणसं दरी ओलांडून यायची. माझ्या दाराची कडी ढिली झाली होती. थिर्झा दार लावताना गुडघ्याने हलकेच दाबायची, की कडी बसायची. दुरुस्तीचं मात्र आज करू, उद्या करू. ती गेली आणि कडी तशीच राहिली.

मग तिची मुलगी रोवेना माझ्यासमोर उभी राहिली. पब एका कंपनीच्या मालकीचा, राहायला वरची खोली, तीही कंपनीचीच.

सेप नावाचा म्हातारा मेंढपाळ रोज स्वयंपाकघराच्या दारातून डोकावायचा. “पोरी, तुझ्या आईचं पुडिंग माझ्या टोपीएवढं फुगायचं. तुझं टोपीखाली दडवता येईल.”

“तुमच्या टोपीखाली काहीही मावेल, सेप. आत जागाच जागा आहे!”

तो हसायचा, पण थिर्झा गेल्यापासून त्याने पुडिंगला हात लावला नव्हता.

एका रविवारी कंपनीचे पेलहॅमसाहेब आले. कोट काढता काढता म्हणाले, “आज जेवून बघतो. लोकांनी लांबून यावं असं जेवण असेल, तर पब चालू ठेवू. नाहीतर विकू. गिऱ्हाईक तयार आहे.”

रोवेनाने बाह्या वर सारल्या आणि पीठ घुसळायला घेतलं.

आमचं यॉर्कशर पुडिंग गोड नसतं; ते जेवणात आधी वाढतात, नुसतंच, वर कांद्याची ग्रेव्ही घालून. मांस नंतर. म्हणजे साहेबांचा पहिला घास तोच. मैदा, अंडी, दुधाचं पातळ पीठ माझ्या पोटातल्या वाट्यांमध्ये कढत चरबीत ओतायचं, दार लावायचं आणि फुगेपर्यंत उघडायचं नाही. गार वारा लागला की पुडिंग बसलंच.

रोवेनाने पीठ ओतलं आणि घाईघाईत दार पायाने ढकललं. कडी खळकन फरशीवर पडली. दार किलकिलं झालं. माझ्या पोटातली ऊब बाहेर पळू लागली. आत पुडिंगच्या कडा नुकत्या उचलू लागल्या होत्या, त्या थबकल्या. ते मला एकट्यालाच दिसत होतं आणि सांगता येत नव्हतं.

“सेप! दाराला टेकू लावायला तुमची काठी द्या!”

“काठी जळेल माझी.” म्हातारा लंगडत आत आला, खुर्ची ओढली, पाठ माझ्या दाराला लावून बसला आणि फरशीवर टाचा रोवल्या. “कोट जाड आहे. तू ग्रेव्ही बघ.”

दार बसलं. माझ्यासारखं तापलेलं बीड आणि मधे लोकरीचा एक कोट! मला माझी धग आवरता येईना. लोकर करपू लागली. सेपने ओठ दाबले, पण तो हलला नाही.

वास बाहेर गेला. पेलहॅमसाहेब स्वयंपाकघराच्या दारात आले. “काय जळतंय? उघडा ते!” आणि त्यांनी हात पुढे केला.

“हात लावू नका!” दोघं एकदम ओरडले.

“साहेब,” सेप दातांवर दात दाबून म्हणाला, “मी जळतोय. पुडिंग ठीक आहे. बाहेर जाऊन बसा.”

साहेब निमूट गेले.

पुडिंगं फुगायची वेळ भरली तसा सेप उठला आणि रोवेनाने दार उघडलं. मागची पुडिंगं सोनेरी, उंच. दाराजवळचं एकच खचलेलं.

“चांगली त्यांना वाढ,” सेप म्हणाला. “ते बसकं मला दे.”

त्याने पहिला घास घेतला आणि ताटलीतली ग्रेव्ही बोटाने पुसून चाटली. “ग्रेव्ही तुझ्या आईचीच आहे,” एवढंच बोलला.

थोड्या वेळाने साहेब रिकामी ताटली घेऊन दारात. “अजून एखादं आहे का?”

सेपने आपली ताटली दंडाआड ओढली. “नाही.”

साहेब ताटलीकडे बघत राहिले. “मग पुढच्या रविवारी. खिडकीजवळचं टेबल राखून ठेवा.”

रोवेना पाण्याच्या नळाकडे वळली आणि उगाच हात धूत राहिली.

आता मला नवी कडी आहे, घट्ट बसते. पण सेपचा तिच्यावर विश्वास नाही. दर रविवारी तो पाठीला ठिगळ लावलेल्या त्या कोटात माझ्यासमोर खुर्ची टाकून बसतो. त्याच्यानंतर ती खुर्ची कुणी हलवू नका, एवढंच माझं मागणं.