कारागिराची बायको

“काप फाटला तर दिवस फुकट हं,” मॅडम म्हणाल्या.

कारागिराने मान वर केली नाही. उंदराच्या मेंदूचा कांद्याच्या पापुद्र्याइतका पातळ काप पात्याखालून सुटला आणि खारट पाण्यात तरंगू लागला. पाण्यात प्राणवायूचे बुडबुडे सोडले, की असा काप आणखी काही तास जगे. बावीस वर्षं त्याचं हेच काम. प्रयोगशाळेत त्याला नावाने कुणी हाक मारत नसे. तो सगळ्यांचा कारागीर.

आज चक्कर थांबवणाऱ्या एका गोळीची परीक्षा होती. विजेचा बारीक झटका दिला, की कापातून डोपामाइन हे मेंदूतलं रसायन सुटे आणि पडद्यावरची रेघ टुणकन उडी मारी. मॅडमनी पहिल्या कुपीतलं औषध पाण्यात सोडलं. रेघ उडतच राहिली.

“म्हणजे गोळी निर्दोष,” कारागीर म्हणाला.

“थांबा. पोटात गेली की यकृत तिच्यापासून भलतंच काहीतरी बनवतं. आता ते टाकू.”

दुसरी कुपी रिकामी झाली. रेघ बुटकी होत गेली आणि विसाव्या मिनिटाला आडवी पडली.

“डोपामाइन सुटलंच नाही तर माणसाचं काय होतं हो?”

“अंग ताठतं, चाल मंदावते. हसू येत नाही, चेहरा नुसता लाकूड.”

कारागिराने पहिल्या कुपीवरचं नाव वाचलं. चष्मा पुसून पुन्हा वाचलं. हीच गोळी सहा वर्षं रोज सकाळी तो बायकोच्या तळहातावर ठेवत होता. तिने कुरकुर केली तर डोळे वटारून. तीन वर्षांपासून ती पाय ओढत चालत होती. त्याच्या बढतीची बातमी ऐकून ती हसली नाही, तेव्हा चार पाहुण्यांदेखत तो बोलला होता, “सोंगं आणते नुसती. माझं बरं झालेलं हिला बघवत नाही.” त्या दिवसापासून त्याने अंथरूणही बाहेरच्या खोलीत हलवलं होतं.

“मॅडम, काप धुऊन बघू या?”

चाळीस मिनिटं स्वच्छ पाणी वाहिलं. शेजारच्या भांड्यातल्या, औषध न घातलेल्या कापाची रेघ अजून उड्या मारत होती. याची हललीच नाही.

“परिणाम उतरतच नाही की!” मॅडमनी टाळी वाजवली. “कारागीर, मोठा शोधनिबंध होणार हा!”

“माणसातही उतरत नाही?”

“उंदराच्या कापावरून माणसाचं कसं सांगू? का, कुणी घेतं का?”

“घरचीच.”

मॅडमचे हात खाली आले. “आजच डॉक्टरांना गाठा. मनाने बंद करू नका.”

डॉक्टरांनी गोळी कमी करत आणून बंद करायला सांगितलं. बरी होईल का, या प्रश्नावर ते “बघू” म्हणाले.

घरी ती खिडकीपाशी बसली होती. त्याने तिच्यासमोर जमिनीवर बैठक मारली आणि सगळं सांगितलं, गोळीचं, रेघेचं, आणि शेवटी, “चुकलो गं मी.”

ती बराच वेळ शब्द जुळवत राहिली.

“मी... सांगत होते... तुम्हाला. मुद्दाम... नाही करत.”

“हो गं. रागाव माझ्यावर. काहीही बोल.”

तिच्या डोळ्यांतून पाणी ओघळलं, पण चेहऱ्यावरची एक रेषाही हलली नाही. बावीस वर्षं बारकाईने बघायची सवय असलेला तो तिच्या तोंडाकडे एकटक बघत राहिला. ती रागावली होती की तिने माफ केलं होतं, काही केल्या त्याला कळेना.