दोन्ही नावं, मोठ्या अक्षरांत

"हलू नका म्हणतेस आणि वर हसवतेस," ओलिंपिओ म्हणाले आणि भुवईवर गोंदाची कांडी फिरवत राहिले. शाळेतल्या पोरांकडे असते तीच कांडी. खऱ्या भुवया चिकटवून सपाट केल्याशिवाय त्यांच्यावर नव्या रंगवता येत नाहीत, हे मला त्या दुपारी कळलं.

आम्ही लिस्बनमधल्या एका बटणांच्या दुकानाच्या मागच्या खोलीत होतो. जेवणासाठी दुकान एक ते तीन बंद असे. ओलिंपिओ सार्मेंतु तिथे तीस वर्षं बटणं आणि लेस विकत होते. शनिवारी मात्र ते एका लहानशा क्लबात 'दोना व्हियोलांत' या नावाची बाई होत: विग, झगा, उंच टाचा आणि रेकॉर्डवरच्या गाण्याबरोबर हलणारे ओठ. मी ग्राफिक डिझाइनच्या शेवटच्या वर्षाला होते आणि कॉलेजच्या प्रदर्शनासाठी एक पोस्टर करायचं होतं. ड्रॅग, म्हणजे पुरुषांनी बाईच्या वेषात करायचे असले खेळ, हा विषय मी घेतला, कारण वर्गात दुसऱ्या कुणाकडे तो नव्हता. हे आधीच सांगून टाकलेलं बरं.

शेवटच्या गाण्यानंतर विग काढायचा आणि आपलं खरं नाव मोठ्यानं सांगायचं, ही त्या क्लबातल्या जुन्या मंडळींची रीत.

"विग हातात धरायचा, काखेत नाही," ओलिंपिओंनी मला दाखवलं. "काखेत धरला की कोंबडी विकायला आल्यासारखं दिसतं."

फोटो काढून झाले तेव्हा त्यांनी गोंदाच्या कांडीला टोपण लावलं. मग म्हणाले, "पोरी, पोस्टरवर दोन्ही नावं घालशील? मोठी. क्लबाच्या दारावरच्या कागदावर मी कायम 'आणि इतर' मध्येच असतो."

"घालीन की."

"आमची दोरींदा येणार आहे बघायला. थोरली बहीण, व्हिझेउला असते. तिला यातलं काही ठाऊक नाही. तोंडानं सांगायला गेलो की माझा घसा सुकतो. पण छापलेलं असलं की तिला खरं वाटतं. औषधाच्या बाटलीवरचा कागदसुद्धा शेवटपर्यंत वाचते."

"आणि रागावल्या तर?"

"रागावू दे. निदान कुणावर रागावतेय ते तिला कळेल."

मी शब्द दिला. पोस्टरही तसंच केलं: रंगवलेला चेहरा, हातात विग आणि आडवी, लालभडक दोन नावं. प्रोफेसर तेल्मुंनी ते लांबूनच पाहिलं.

"सर्कस आलीय का गावात?" ते म्हणाले. "काढत जा. काढता काढता उरेल ते तुझं."

मी आधी विग काढला, मग चेहरा. नावं राहिली होती, ती सगळ्यात शेवटी काढली. पांढऱ्या कागदावर त्यांची एक खोटी पापणी, चिकटवायच्या केसांची बारीक झालर, तेवढी उरली. प्रोफेसरांनी चार वर्षांत पहिल्यांदा माझ्या पाठीवर थाप मारली.

प्रदर्शनाला तीन आठवडे होते आणि दुकान कॉलेजपासून दहा मिनिटांवर. मी गेले नाही. आज सांगू, उद्या सांगू करत राहिले. त्यांनाही हे आवडेल, असं मी स्वतःला पटवलं होतं. आपल्या सोयीचं माणसाला फार लवकर पटतं.

प्रदर्शनाच्या दिवशी, शनिवारी सकाळी ओलिंपिओ आले. इस्त्रीचा कोट, ताजी दाढी. शेजारी काळ्या कपड्यांतल्या ठेंगण्या दोरींदाबाई, हातात जड पिशवी. ओलिंपिओंनी सगळी भिंत एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पाहिली. मग पुन्हा पाहिली. मग माझ्या पांढऱ्या कागदासमोर येऊन थांबले. त्याला पहिलं बक्षीस होतं. खालच्या पट्टीवर एकच नाव होतं, माझं.

दोरींदाबाईंनी ते मोठ्यानं वाचलं. "जसिंता रेबेलु. तूच ना गं ती? छान. आणि हे काय म्हणायचं, कंगवा?"

ओलिंपिओंनी माझ्याकडे पाहिलं. एक वाक्य पुरलं असतं. ही तुमच्या भावाची पापणी आहे, एवढंच. पण चार पावलांवर प्रोफेसर पाहुण्यांना घेऊन उभे होते आणि मी तोंड उघडलं नाही.

"कंगवाच असेल," ओलिंपिओ म्हणाले. "हिला मी बटणं दिली होती या कामासाठी. म्हणून बोलावलंय."

"पण बटणं कुठायत?"

"काढली असतील. काढावं लागतं यांना."

"आणि एवढ्यासाठी मला चार तास बसमध्ये हाडं खिळखिळी करायला लावलीस?" मग त्या जरा खालच्या आवाजात म्हणाल्या, "काही बोलायचं होतं का रे तुला? फोनवर आवाज वेगळाच लागला."

ओलिंपिओंनी तिच्या बाहीवरचा एक धागा काढला. "छे गं. तुला बघावंसं वाटलं."

दोरींदाबाईंना पुढेही ते कधी कळलं नाही. त्याच हिवाळ्यात त्या गेल्या. तेव्हा मला हे ठाऊक असतं तर मी बोलले असते का? असते, असं म्हणायला मला फार आवडेल.

त्या दिवशी निघताना दोरींदाबाईंनी पिशवीतून मेंढीच्या दुधाच्या चीजचा गोळा काढला. भावासाठी आणला असणार. तो माझ्या हातात ठेवून म्हणाल्या, "घे, बक्षीस मिळालंय ना तुला."

"घे," ओलिंपिओही म्हणाले. "तिनं घरी केलंय."

मी घेतलं. त्यांनी बहिणीची पिशवी खांद्याला लावली, तिला हात दिला आणि दोघं जिना उतरू लागली.

तेवढ्यात प्रोफेसर पाहुण्यांना घेऊन माझ्यापाशी आले. त्यांतल्या एका बाईंनी चष्मा लावून पापणी निरखली.

"कोण आहे हो ही व्यक्ती?" त्यांनी विचारलं.

जिन्यावरची पावलं अजून ऐकू येत होती.

"कुणीच नाही," मी म्हणाले. "ती फक्त एक कल्पना आहे."