नाव न सांगणारी

"रस्ता आम्ही झाडतो, रस्ता दिसतो, आम्ही दिसत नाही." भिंतीपलीकडे शेजारणीची मुलगी शाळेची कविता पाठ करत होती आणि माझ्या हातातला चहा तसाच राहिला. कविता माझी होती. पुस्तक मागून घेतलं, तर खाली छापलेलं: कवी अज्ञात. मला आधी हसू आलं आणि मग भयंकर राग आला.

दोष द्यायचा तरी कुणाला? तरुणपणी आम्ही गुपचूप वाटायचो त्या पत्रकावर कुणाचंच नाव टाकायचं नाही, हा नियम माझाच. तेव्हा आम्ही मूठभर बायका होतो. झाडूवाल्या, धुणीभांडी करणाऱ्या, नवऱ्याने टाकलेल्या, ज्यांना कुणी खिजगणतीत धरत नव्हतं त्यांच्यावर मी लिहायची. आमची टायपिस्ट जेवणाच्या सुट्टीत ऑफिसच्या मशीनवर ते टाइप करायची. हे लिहितं कोण, म्हणून पोलिसांनी दोनदा तिला बसवून ठेवलं, पण तिने तोंड उघडलं नाही. स्वतःच्या पायावर धोंडा मारून घ्यायचा, तर असा जपून मारावा.

आता माझ्याशी बोलणारं घरात कोण, तर रेडिओ आणि कुकर. निदान त्या पानावर तरी आपण असावं, असं फार वाटलं. म्हणून पुस्तकाच्या संपादक बाईंना गाठलं.

"तुमच्यावर अविश्वास नाही," त्या म्हणाल्या. "पण याआधी तिघांनी दावा केलाय."

"बायका?"

"तिघेही पुरुष."

साक्षीदार हवा होता. बाकीच्या एकेक करून गेल्या होत्या. उरली होती फक्त टायपिस्ट.

संपादक बाईंना घेऊन मी तिच्या घरी गेले. तिच्या सुनेने दार उघडलं. "आई हल्ली कुणाला ओळखत नाहीत. मला कामवाली समजतात. पगारवाढ मागितली, तर विचार करते म्हणाल्या."

टायपिस्ट खिडकीशी बसली होती. माझ्याकडे तिने पाहिलं, न पाहिल्यासारखं. मी पहिली ओळ म्हटली. तिची बोटं मांडीवर हलायला लागली आणि तिने अख्खी कविता म्हटली, एकही शब्द न चुकता. माझे डोळे भरून आले. संपादक बाईंनी घाईघाईने फोनवर रेकॉर्डिंग सुरू केलं.

"आजी, ही कुणी लिहिली?"

बोटं थांबली. "माहीत नाही."

"आठवत नाही का?"

"आठवतं. सांगणार नाही."

"अगं, सांग," मी म्हटलं. "आता कुणी काही करत नाही. मीच ती."

तिने मला नखशिखांत न्याहाळलं. "हे असंच विचारतात ते. आधी गोड बोलतात."

संपादक बाईंनी फोन पर्समध्ये टाकला. मी उठले, तसा टायपिस्टने माझा हात धरून मला खाली ओढलं आणि कानाशी लागली.

"तू बरी वाटतेस म्हणून सांगते. तिच्या मागे लागू नका. एकटी असते बिचारी. आमच्याशिवाय तिला कुणी नाही."

"नाही लागणार," मी म्हटलं.

"शपथ?"

"शपथ."

जिन्यात संपादक बाई थांबल्या. "दुसरं कुणी आहे का, तुम्हाला ओळखणारं?"

"नाही," मी म्हटलं. "अज्ञातच राहू द्या."