बझरची वायर

औषधोपचाराच्या सामानाचं दुकान आहे आमचं. त्यात परतीच्या काउंटरवर मी अकरा वर्षं बसतेय. हसायचा पगार विक्रीवाल्यांना मिळतो, मला नाही. त्यामुळे त्या गृहस्थांनी ऑक्सिजनचं मशीन समोर ठेवलं, तेव्हा मी वर न बघताच विचारलं, "काय बिघडलंय?"

"तेच विचारायला आलोय, ताई."

घ्या! सकाळी सकाळी हे! मी मान वर केली. पंखे दुरुस्त करणारे होते ते. नखांच्या कडेला काळं तेल कायमचं मुरलेलं. मशीन बायकोसाठी नेलं होतं आणि बायको मंगळवारी गेली होती. परतीच्या मुदतीचा एक दिवस शिल्लक होता, पण मागचं सील तुटलेलं होतं.

"काका, तुम्ही हे उघडलंत. आता पैसे विसरा."

"पैसे राहू देत हो. आवाज फार करायचं हे, तिचा डोळा लागायचा नाही. डॉक्टर म्हणाले होते, आठवडाभर काढतील. म्हटलं, तेवढे दिवस तरी तिला नीट झोप मिळू दे. म्हणून आतून स्पंज लावला. मग तो बझर सारखा बोंबलायला लागला, त्याची वायर काढली. त्या दुपारी झोपली बिचारी, शांत. चहा घेऊन गेलो तर..." त्यांनी मशीनवरून हात फिरवला. "परत आलेलं मशीन तुम्ही तपासता ना? ते नीट चालत होतं का, एवढंच सांगा मला."

मी मशीन ठेवून घेतलं आणि चार दिवसांनी यायला सांगितलं.

आमच्या तंत्रज्ञाचा अहवाल तिसऱ्या दिवशीच आला. हवा आत घेणारी जाळी स्पंजने बंद. ऑक्सिजन निम्म्याहून कमी. धोक्याच्या बझरची वायर काढलेली.

म्हणजे बझर उगाच बोंबलत नव्हता.

एरवी अशा कागदावर मी 'नामंजूर'चा शिक्का मारून मोकळी होते. त्या दिवशी माझा हातच उचलेना. काका आले तेव्हा मी कागद पालथा घातला आणि म्हणाले, "मशीन ठणठणीत होतं, काका. तुमचं काही चुकलं नाही."

ते स्टुलावर मटकन बसले आणि रुमालात तोंड लपवून रडले. मग स्वतःशीच हसले. "चाळीस वर्षं हेच करतोय. तरी म्हटलं, नेमका घरातच हात चुकला की काय."

मला फार बरं वाटलं. खोटं सांगायला काय जातं? मी त्यांच्यासाठी चहासुद्धा मागवला.

चहा संपवून ते उठले. "मग द्या मशीन. सील तुटलंय, तुम्ही काही घेणार नाही. आमच्या खालच्या मजल्यावरच्या वहिनींना फार धाप लागते. आजच लावून देतो. स्पंज तुम्ही काढला असेल तर मी परत बसवीन, म्हणजे त्यांनाही झोप लागेल."

त्यांनी मशीनची मूठ धरली. दुसऱ्या बाजूने मी धरून ठेवली. त्यांनी हलकेच ओढलं, पण मी सोडेना. ते माझ्याकडे बघत राहिले.

दुसरं खोटं शोधायला मी डोकं खूप खाजवलं. सापडलं नाही. शेवटी कागद सुलटा केला आणि त्यांच्यापुढे सरकवला.

त्यांनी ओळींवरून बोट फिरवत वाचलं. बझरच्या ओळीवर बोट थांबलं, ते तिथून हलेना.

"काका, डॉक्टरांनी आठवडाच सांगितला होता ना?" मी घाईघाईने म्हणाले. "तुम्हीच म्हणालात."

त्यांनी कागदाची नीट घडी घालून खिशात ठेवली.

"हो," ते म्हणाले. "पण आठवडा होता ना, ताई."